सातव्या पायरीवरची तार

…तर ते पत्र काही ताईच्या हातून खाली पडलं नाही. पडेल कसं? छापखान्यात पस्तीस वर्षं शिशाची सुटी अक्षरं एकेक करून जुळवणारी बाई ती. त्यातला एक खिळा कधी जमिनीवर सांडला नाही, तिथं कागद कुठला सांडते. पण चेहरा असा उतरला की पत्र घेऊन छापखान्यात आलेले औषधवाले म्हणाले, "ताई, आधी बसा."

ताई बसली नाही. पत्र पुन्हा वाचलं. तीनच ओळी होत्या, अक्षर म्हातारं पण ताठ.

"कविता मिळाली. तारेची गोष्ट तुम्हांला कुणी सांगितली, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रविवारी येते आहे."

खाली सही मूकपटांच्या जमान्यातल्या नटीबाईंची. हीच सही मिळावी म्हणून मूकपट मंडळातल्या साठ माणसांनी अकरा वर्षं पत्रं पाठवली होती आणि एकालाही उत्तर आलं नव्हतं. आता आलं, तर असं.

"तुम्ही कविता पाठवलीत त्यांना?" ताईने विचारलं. तिचा आवाज मध्येच चढायचा, मध्येच बसायचा, कारण स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे. गळ्यावर दोन बोटं ठेवून ती तो बाहेर पडतोय की नाही एवढं बघायची.

"आमंत्रणासोबत घातली. शोभा म्हणून," औषधवाले म्हणाले.

"वाचली होतीत?"

औषधवाले मंडळाचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण कविता म्हटली की पहिल्या दोन ओळींनंतर त्यांची मान आपोआप डोलायला लागे आणि डोकं दुकानात जाई. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे नव्हती वाचली.

आता ही कविता कसली, आणि ऐकू न येणारी बाई सिनेमाच्या नादी लागली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

ताई सात वर्षांची असताना तापाने फणफणली. ताप गेला तो कान घेऊन गेला. बोलणं शिकून झालं होतं म्हणून जीभ राहिली, एवढंच. घरात सगळे तिच्याकडे बघून मोठमोठ्याने ओरडायचे, आणि ओरडताना माणसाचं तोंड जे वेडंवाकडं होतं त्यात तिला काही कळायचं नाही. बाप शहाणा. तो ओरडला नाही, तिला घेऊन सिनेमाला गेला. तेव्हा पडद्यावरची माणसं मुकी होती. अंधारात तीनशे माणसं बसलेली, आणि तीनशेच्या तीनशे हिच्यासारखी बहिरी. पडद्यावर कुणी काय म्हटलं ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. मध्ये पाटी यायची, ती सगळ्यांनी वाचायची. पोर घरी येऊन बापाला म्हणाली, "तिथं मी सगळ्यांएवढीच आहे." बाप दर आठवड्याला नेऊ लागला. आईने कपाळावर हात मारला. पण बापलेकींपुढे तिचं काय चालणार.

पुढं सिनेमे बोलायला लागले आणि जग खूश झालं. ही एकटी घरी बसली. बोलपटातली माणसं बोलता बोलता पाठ फिरवतात, खिडकीबाहेर बघतात, दुसऱ्या खोलीतून हाका मारतात. पाटी नाही आणि ओठही नाहीत, मग बघायचं काय? म्हणून ती पन्नाशीकडे झुकल्यावर गावातल्या काही हौशी लोकांनी जुन्या मूकपटांचं मंडळ काढलं, तेव्हा पहिली वर्गणी तिची. थिएटरवाला रविवारी दुपारी हॉल द्यायचा, ऑपरेटर जुनी रिळं लावायचा.

पण आता तिच्यात एक फरक पडला होता. लहानपणी ती पाट्या वाचायची, आता ती ओठ वाचत होती. आणि ओठ वाचता येणाऱ्याला मूकपटात जे दिसतं ते बाकीच्यांना स्वप्नातही दिसायचं नाही. पाटीवर असायचं, "प्रिये, तुझ्यावाचून मी क्षणभरही जगू शकत नाही," आणि गुडघ्यावर बसलेला नायक खरं म्हणत असायचा, "दाढीचा डिंक सुटलाय, लवकर उरका." खलनायक सुरा उपसून डोळे गरागरा फिरवायचा आणि नायिकेला विचारायचा, "काल पायाला लागलं होतं, आता कसं आहे?" आवाज कुठं उमटणारच नव्हता, मग बोलायला कुणाच्या बापाची भीती. ताई अंधारात एकटीच हसायची. लोक म्हणायचे, बिचारीला कळत नाही, शोकाच्या प्रसंगी हसते.

घरी येऊन ती त्यावर कविता करायची. छापखान्यात स्वतः जुळवून, एक पान छापून न्यायची. सिनेमा संपला, दिवे लागले, की पानं वाटायची आणि तिचा धाकटा भाऊ ती वाचून दाखवायचा. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. वय सत्तेचाळीस, पण ताईसाठी अजून बाळ्या. खुनी माणसाने सुरा उगारून पायाची चौकशी केली ती कविता ऐकून मंडळाने पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या. "काय कल्पना आहे," सगळे म्हणाले. आणि इथंच घोटाळा झाला. मंडळ त्याला कल्पना समजत राहिलं, आणि मंडळ समजतंय हे ताईला ठाऊक होतं, तरी तिने कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की कवयित्री म्हणवून घेणं कुणाला आवडत नाही?

नटीबाईंचा तो सिनेमा तिने अकरा वेळा पाहिला होता. त्यात शेवटाला एक जिना आहे. नायक सैन्यात चाललेला. सातव्या पायरीवर तो आपल्याकडे पाठ करून उभा, आणि नटीबाई त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. पाटी येते, "जा. मी वाट पाहीन." पंचेचाळीस वर्षं लोक त्या पाण्यावर फिदा होते. औषधवाले तर त्या प्रसंगाला चष्मा काढूनच बसत.

आणि ओठ म्हणत होते काहीतरी तिसरंच. आधी ताईला वाटलं, दाराविषयी आहे. ओठांवर दार आणि तार सारखंच दिसतं. पण दार सकाळी येत नाही. आठव्या वेळेला तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पुढच्या तीन खेपांना तिने खात्री करून घेतली. मग कविता झाली. त्यातल्या मधल्या दोन ओळी तेवढ्या नटीबाईंच्या:

सकाळीच आली तार, मी ती उघडली नाही,
आईचं असेल म्हणून पाकीट फाडलं नाही.

असो. आता पुन्हा छापखान्यात येऊ, कारण औषधवाल्यांना घाम फुटला होता.

"कुणी सांगितलं तुम्हांला हे, ताई? त्या विचारायला येताहेत."

"त्यांनीच सांगितलं. पडद्यावर."

औषधवाल्यांना हे पटेना. हातच्या कंकणाला आरसा कशाला, म्हणून ताईने खिडकीतून बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे त्यांचंच दुकान. काचेआड त्यांचा मेव्हणा गल्ल्यावर बसून कुणाशी तरी बोलत होता. ताईने गळ्यावर बोटं ठेवली आणि सांगायला लागली, "म्हणतोय, तो आला की मला श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणतोय, अध्यक्ष झाल्यापासून घोड्यावर बसलाय, आणि घोडं माझ्या छातीवर."

औषधवाले बघतच राहिले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट यायला लागली, आणि ती भलतीच होती. "म्हणजे अकरा वर्षं," ते म्हणाले, "बैठकांमध्ये आम्ही कोपऱ्यात उभे राहून जे काही…"

"हो," ताई म्हणाली.

ते नकळत तोंडावर हात ठेवून उरलेलं बोलले. काय बोलले ते तिला कळलं नाही.

ही बुधवारची गोष्ट. भिंतीला कान असतात म्हणतात, पण इथं कानच नसलेल्या बाईला सगळं कळतंय ही बातमी शुक्रवारपर्यंत साठ घरांत गेली. चोराच्या मनात चांदणं. कुणी काय बोललं होतं ते ज्याचं त्याला आठवायला लागलं. शुक्रवारी रस्त्यात भेटलेली शिवणवाली रुमाल तोंडाला लावून बोलली. ऑपरेटरने मान खाली घातली. शनिवारी वाण्याने वजन करता करता तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईच्या आयुष्यात ही दुसरी वेळ. पहिल्यांदा तापाने आवाज नेले, आता माणसांनी ओठ नेले.

घरी ती भावाला म्हणाली, "बाळ्या, तू तरी हात काढ."

भावाचा हात खरोखरच तोंडाजवळ होता. तो खजील झाला. "अगं तसं काही नाही, दाढी खाजवत होतो. पण ताई, औषधवाले म्हणतात त्या दोन ओळी काढ. पाटीवरचं घाल त्या जागी. जा, मी वाट पाहीन. कुणाचं काही बिघडत नाही."

"ती ते म्हणालीच नाही."

"त्या रागावल्या असतील तर?"

"रागावल्या असत्या तर येत नाही म्हणाल्या असत्या. ज्या बाईचं बोलणं आहे तिच्यासमोर ते वाचलं जाणार आहे, बाळ्या. इतकी वर्षं सगळे कल्पना म्हणत आले. एकदा एक माणूस तरी म्हणेल की खरं आहे."

भावाने हात टेकले. या बाईशी वाद घालणं म्हणजे काय, ते त्याला लहानपणापासून ठाऊक. हरायला लागली की ती डोळे मिटून घ्यायची. झालं. बोल आता भिंतीशी.

रविवारी चार वाजता नटीबाई आल्या. काठी टेकत, पण मान अशी की काठीच त्यांच्या आधाराने चालतेय. सोबत धाकटी बहीण. ती बोलकी, हसरी, थोरलीची पिशवी, औषधं, चष्मा सगळं तिच्याच हातात. बहीण गाडीवाल्याशी बोलत मागं राहिली तेवढ्यात नटीबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "कविता करणारी कोण?"

भाऊ पुढं झाला. "ही माझी ताई. तिला ऐकू येत नाही. पण ओठ वाचते, कुणाचेही. पडद्यावरचेसुद्धा."

नटीबाईंच्या तोंडावरचा रंग गेला. ताईकडे बघून त्या काही बोलणार, इतक्यात बहीण येऊन पोचली आणि औषधवाल्यांनी त्यांना घाईघाईने पहिल्या रांगेत बसवलं.

बहिणीला गप्प बसवत नव्हतं. ती औषधवाल्यांना सांगत होती, आणि ताई बाजूला उभी राहून बघत होती. "हाच तो सिनेमा," बहीण म्हणत होती. "याच्याच वेळी आई गेली आमची. मी एकटीच होते घरात, चौदा वर्षांची. तार केली, पण तार पोचली दुसऱ्या दिवशी. नाहीतर ही सगळं टाकून धावत आली असती. आई दारापर्यंत नजर लावून होती हो. मी तिला शेवटपर्यंत सांगत राहिले, तिला तार मिळाली नसेल, मिळाली की येईलच. पंचेचाळीस वर्षं मी तारखात्याला शिव्या घालतेय." आणि ती हसली, आणि थोरलीच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली. "तुमची कविता मला द्या हं एक. ही मला दाखवतच नाही. मी भिंतीवर लावणार आहे."

नटीबाई समोर पडद्याकडे बघत होत्या. पडदा अजून कोरा होता.

आता ताईला पत्रातल्या तीन ओळींचा अर्थ लागला. नटीबाई रागाने आल्या नव्हत्या. कुणाच्या तोंडून फुटलं आणि अजून कुठवर पोचणार, या धास्तीने आल्या होत्या. आणि तारेच्या ओळी तर दाराजवळच्या टेबलावर साठ पानांवर छापून तयार होत्या, दिवे लागले की वाटायला.

दिवे गेले. ताईने टेबलावरचा गठ्ठा उचलला आणि बाहेर पडली. सिनेमा एक तास दहा मिनिटांचा. छापखाना पुढच्या गल्लीत. सकाळी दार उघडायचं काम तिचं, म्हणून किल्ली तिच्याजवळच असे. मालकाला आणखी प्रती हव्या होत्या म्हणून कवितेची जुळणी अजून छपाईच्या दगडी टेबलावर तशीच बांधलेली होती, हे नशीब.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण तिने आधी जुना गठ्ठा कागद कापायच्या यंत्राखाली सरकवला आणि पात्याने त्याच्या चिंध्या केल्या. मग दगडापाशी आली. दोन ओळी चिमट्याने उचलून बाहेर घेतल्या आणि मोडून टाकल्या. आता त्या जागी काय घालायचं? दुसऱ्या दोन ओळी सुचायला डोकं जागेवर पाहिजे, ते नव्हतं. "जा, मी वाट पाहीन" घालायला पाच मिनिटंही लागली नसती. तिचा हात अक्षरांच्या पेटीतल्या ज च्या खणापर्यंत गेलासुद्धा. मग तिने तो मागं घेतला आणि त्या जागी कोरे ठोकळे बसवले, ज्यांच्यावर अक्षर नसतं आणि जे कागदावर उमटत नाहीत. चौकट आवळली, शाई लावली आणि पायमशीनवर उभी राहिली.

यंत्राचा आवाज तिला कधीच ऐकू आला नव्हता. तो तळपायातून वर यायचा. पाय मारायचा, कागद घालायचा, काढायचा. पंचवीस झाले. छत्तिसावा कागद तिरका गेला आणि अडकला, बोट थोडक्यात वाचलं. चाळीस. भिंतीवरचं घड्याळ पाच वाजून बारा मिनिटं दाखवत होतं. म्हणजे तिकडे आता जिना आला असेल. नायक पाठमोरा. साठ माणसं चष्मे काढून बसलेली, आणि त्यांच्यामध्ये एक बाई स्वतःच्याच तोंडाकडे बघत. साठ झाले. शाई वाळायला वेळ नव्हता.

ती परतली तेव्हा दिवे लागले होते. टाळ्या चालल्या होत्या. औषधवाले टेबलाभोवती फिरत, तोंडावर हात ठेवून ऑपरेटरला काहीतरी विचारत होते. गठ्ठा कुठं गेला, एवढंच असणार. ताईने ओल्या पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी वरचं पान पाहिलं, मधली मोकळी जागा पाहिली, ताईकडे पाहिलं. एकही अक्षर न विचारता पानं वाटायला घेतली. म्हणून म्हटलं, माणूस सज्जन.

पण भाऊ. भावाला तर कविता पाठ होती. घरी तीनदा वाचून घेतली होती तिनेच. तो व्यासपीठावर जाऊन उभा राहिला, पान हातात, पण नजर लोकांवर. पाठ असलेल्या माणसाला पान कशाला लागतं?

जिन्याच्या सातव्या पायरीवर तू पाठमोरा,
माझ्या गालांवर उन्हाचा पांढरा पसारा…

ताई लोकांमधून वाट काढत पुढं झाली. भावाने श्वास घेतला. त्याचे ओठ 'स' साठी फाकलेले तिला स्पष्ट दिसले. ती पहिल्या रांगेसमोर उभी राहिली आणि तिने हळूच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

भाऊ थांबला. त्याने खाली पानाकडे पाहिलं. दोन ओळींची जागा पांढरी. तो तसाच उभा राहिला, दोन ओळी वाचायला लागतात तेवढा वेळ. घड्याळजी तो, वेळ बरोबर मोजली. मग तो पुढं वाचायला लागला:

लोक म्हणाले, काय रडली, टाळ्या पडल्या किती,
मी सांगत होते एक, त्यांना दिसली प्रीती.

टाळ्या पडल्या. बहीण उठून औषधवाल्यांपाशी आली. अंगठ्याला ओली शाई लागली होती ती पुसत तिने पान पुढं केलं. "इथं मध्ये काय छापायचं राहिलं का हो?"

औषधवाल्यांची पाचावर धारण बसली. हात तोंडाकडे निघाला. मग त्यांनी ताईकडे पाहिलं आणि हात खाली घेतला, आणि तिला नीट दिसेल असं तोंड करून म्हणाले, "मूकपटाची कविता आहे, बाई. थोडी मुकी असायचीच."

बहीण खळखळून हसली. तिला ते फार आवडलं. ती शेजारणीला दाखवायला वळली.

तेवढ्यात नटीबाई उठल्या. बहिणीकडे पाठ करून ताईसमोर उभ्या राहिल्या. हातातली, टपालाने आलेली जुनी प्रत घडी करून त्यांनी मुठीत धरली होती. त्या बोलल्या, पण आवाज काढला नाही. जिन्यावर बोलल्या होत्या तशाच, फक्त ओठांनी, एकेक शब्द सुटा. आजूबाजूला साठ माणसं होती आणि एकालाही कळलं नाही.

"त्या दोन ओळी कुठं आहेत आता? कुणाला सापडतील?"

उत्तर तसंच द्यायला हवं होतं, बिनआवाजाचं. बहीण दोन हातांच्या अंतरावर उभी. पण आपल्या तोंडून आवाज बाहेर पडतोय की नाही, हे ताईला कुठलं कळायला. तिने दोन बोटं गळ्यावर ठेवली, आत काही थरथरत नाही ना हे चाचपलं, आणि ओठ हलवले:

"एकेक अक्षर सुटं करून ज्याच्या त्याच्या खणात टाकलंय, बाई. उद्या त्यातूनच कुणाची तरी लग्नपत्रिका निघेल."